लूत लागलेला कोल्हा किंवा लांडगा दिसला तर काय बघायचं, कोणाला सांगायचं आणि काय अजिबात करायचं नाही

थंडी सरून ऊन तापायला लागलं की माळरानावर फिरणाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक फोटो हमखास येतो. केस गेलेला कोल्हा, नाहीतर पाठीवर ठिगळं ठिगळं दिसणारा लांडगा, आणि खाली लगेच सुरू होतं की बिचारा मरतोय, कोणीतरी काहीतरी करा, चिकनमध्ये गोळी घालून टाका. तळमळ खरी असते, त्याबद्दल शंका नाही. पण त्या फोटोतले बरेच प्राणी आजारीच नसतात, आणि जे खरंच आजारी असतात त्यांना त्या गोळीने बरं वाटण्यापेक्षा नुकसान व्हायची शक्यता जास्त. म्हणून पुणे, नगर, सोलापूर, सातारा या पट्ट्यात राहणाऱ्या, शेतावर जाणाऱ्या, पक्षी बघायला किंवा फोटो काढायला माळावर हिंडणाऱ्या लोकांसाठी हे सविस्तर लिहितोय. लांडगा, कोल्हा, खोकड, तरस हे सगळे आपल्याकडे अभयारण्यापेक्षा शेतं, गायरान आणि धनगरांच्या वाड्यांच्या आसपासच जास्त राहतात, त्यामुळे त्यांना काय झालंय हे पहिल्यांदा दिसतं ते आपल्यालाच.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. अंगात एकही जंत नाही असा जंगली मांसाहारी प्राणी मिळणं अवघड. तो जे खातो त्यातूनच परजीवी येतात. ससा, उंदीर, हरीण, शेळी यांच्या मांसात नाहीतर काळजात (यकृतात) पट्टकृमीची (टेपवर्मची) अळी गाठ करून बसलेली असते, शिकाऱ्याने ते खाल्लं की ती त्याच्या आतड्यात जाऊन मोठी होते, अंडी विष्ठेतून गवतावर पडतात, ते गवत परत शेळी खाते. हे चक्र फार जुनं आहे आणि धडधाकट लांडग्याला त्याचा फारसा त्रासही होत नाही. परजीवी म्हणजे प्राण्याच्या डोक्यावरचा कर्जाचा हप्ता समजा, शिकार नीट मिळतेय तोवर तो निघून जातो आणि कोणाला कळतही नाही, पण दुष्काळ पडला, पाय जायबंदी झाला, दुसरा आजार आला की तोच हप्ता जीवावर येतो. त्यामुळे नुसतं "जंत आहेत का" विचारून काही हाती लागत नाही, त्याच वेळी त्या प्राण्यावर आणखी काय काय चाललंय ते बघावं लागतं.

याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण आफ्रिकेतल्या सेरेंगेटीचं. तिथे १९९४ मध्ये कॅनाइन डिस्टेंपर या कुत्र्यांमध्ये आढळणाऱ्या विषाणूजन्य आजाराच्या साथीत जवळपास एक तृतीयांश सिंह मेले, नंतर २००१ मध्ये शेजारच्या न्गोरोंगोरोतही तसंच झालं. गंमत नाही, कोडं होतं हे, कारण सिंहांचं जुनं रक्त तपासल्यावर दिसलं की डिस्टेंपर त्याआधीही येऊन गेलेला, पण तेव्हा सिंह असे मेले नव्हते. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून उलगडा झाला तो असा, की दोन्ही वेळा आधी कडक दुष्काळ पडला होता, अशक्त झालेल्या रानम्हशींच्या अंगावर गोचिडांचा सुळसुळाट झाला, सिंहांनी त्या म्हशी खाल्ल्या, गोचिडांमार्फत बाबेसिया नावाचा रक्तातला परजीवी सिंहांच्या अंगात भरमसाठ गेला आणि त्यातच डिस्टेंपरने प्रतिकारशक्ती पाडली. एकेकटा झेपला असता, दोन्ही एकदम झेपले नाहीत. आपल्या गीरमध्ये सप्टेंबर २०१८ ला दलखाणिया रेंजमध्ये २३ सिंह गेले तेव्हाही डिस्टेंपर आणि बाबेसिया ही दोन्ही नावं समोर आली. त्या सिंहांच्या नमुन्यांत डिस्टेंपरचा विषाणू असल्याचं पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने ओळखलं होतं.

पहिलं काम: लूत आहे की केस बदलतायत ते ओळखा

जवळ जाऊ नका. दुर्बीण किंवा लांब लेन्स नसेल तर मोबाईलवर व्हिडिओ काढा आणि नंतर थांबवून थांबवून बघा, फोटोपेक्षा व्हिडिओतून जास्त कळतं कारण प्राणी खाजवतोय का, लंगडतोय का, आजूबाजूला त्याचं लक्ष आहे का हे फोटोत येत नाही.

हिवाळ्याची जाड लोकर टाकताना लांडगा आणि कोल्हा दोघंही भयंकर दिसतात. पाठीवर, मांड्यांवर केसांचे झुपके लोंबतात, अंग दोन रंगांचं दिसतं. पण नीट बघितलं तर झुपक्याखाली बारीक नवीन केस असतात, कातडी उघडी नसते, कान आणि तोंड स्वच्छ असतं, शेपटी विरळ झाली तरी केसाळच असते आणि प्राणी आपल्या नेहमीच्या तोऱ्यात चालत असतो. हा आजारी नाही, त्याला सोडून द्या.

लुतीचं वेगळं असतं. ती बहुतेकदा कानांच्या कडा, कोपर, मागच्या पायाचा घोटा, पोट, शेपटीचं बूड अशा ठिकाणांहून सुरू होते. केस जातात आणि खाली कातडी करडी, जाड, सुरकुतलेली, खपल्या धरलेली दिसते, काही ठिकाणी खाजवून खाजवून रक्त आलेलं असतं. शेपटी उंदराच्या शेपटीसारखी होते. फार वाढली की चेहऱ्यावर खपल्या येऊन डोळे अर्धे मिटतात आणि मग तो प्राणी भरदिवसा घराजवळ, गोठ्याजवळ, पाण्याच्या टाकीजवळ येऊन बसतो. हाडं दिसत असतात. ही शेवटची अवस्था, इथे वाट बघण्यात अर्थ नाही, लगेच फोन करा (कोणाला ते खाली आहेच).

हे करतो तो सार्कोप्टिस नावाचा कीडा डोळ्यांना जेमतेम ठिपक्याएवढा दिसेल न दिसेल असा. मादी कातडीच्या वरच्या थरात बोगदा खणत जाते आणि रोज दोन-तीन अंडी घालते, अंड्यापासून मोठा कीडा व्हायला साधारण दोन ते तीन आठवडे लागतात. अंगाला अंग लागून पसरतो, पण गार आणि ओलसर जागेत प्राण्याच्या अंगाबाहेरही काही दिवस जगतो, त्यामुळे एका बिळात एकापाठोपाठ एक झोपणाऱ्या प्राण्यांमध्ये बिळातूनही जातो. खोकडासारख्या बिळात पिल्लं वाढवणाऱ्या प्राण्याला म्हणूनच हा जास्त महागात पडतो.

प्राणी मरतो तो नुसत्या खाजेने नाही. अमेरिकेत यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानामध्ये लांडग्यांचे उष्णता दाखवणाऱ्या कॅमेऱ्याने फोटो घेतले तेव्हा कळलं की केस गेलेल्या भागातून थंडीच्या रात्री एवढी ऊब निघून जाते की लांडग्याला दिवसभरात लागणाऱ्या ऊर्जेचा अर्ध्याहून मोठा वाटा तिथेच संपू शकतो. आपल्याकडे तेवढं गोठत नाही हे खरं, पण डिसेंबर-जानेवारीत माळावर पहाटे पारा दहाच्या खाली जातो आणि आपला लांडगा मुळातच अंगाने लहान आणि कमी लोकरीचा. शिवाय सतत खाजवणाऱ्याला झोप नाही, धड शिकार नाही, जखमांमध्ये जिवाणू शिरतात, खराब कातडीतून पाणी जास्त जातं. सगळं मिळून तो खंगतो.

यलोस्टोनचीच आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. १९०९ मध्ये शेजारच्या माँटाना राज्याच्या सरकारी पशुवैद्यांनी लांडगे आणि कायोटी (लांडग्याचा छोटा नातेवाईक) संपवण्यासाठी मुद्दाम लूत लावलेले प्राणी जंगलात सोडले होते. लांडगे तिथून संपले, १९९५ मध्ये परत आणून सोडले, आणि २००७ मध्ये पार्कातल्या लांडग्यांमध्ये लूत परत दिसली. माणसाने सोडलेला आजार शंभर वर्षं आसपासच्या प्राण्यांत टिकून राहतो, हे वाचून मला तरी रानात काहीही "सोडायची" धास्ती वाटते, मग ते औषध का असेना.

दुसरं काम: एकटा आहे की कळपात

हे कोणी लिहून घेत नाही आणि हेच फार कामाचं असतं. यलोस्टोनमधल्याच आणखी एका अभ्यासात दिसलं की लूत लागलेला लांडगा एकटा किंवा छोट्या कळपात असेल तर त्याच्या मरण्याचा धोका वाढतो, पण भोवती पुरेसे निरोगी सोबती असतील तर तो जवळपास निरोगी लांडग्याएवढाच टिकतो, कारण शिकार बाकीचे करतात आणि हद्दही तेच राखतात. म्हणजे थोडी लूत असलेला, कळपासोबत फिरणारा, नीट चालणारा लांडगा दिसला तर त्याला पकडून आणणं हा त्याच्यावर उपकार असेलच असं नाही, कळपातून काही आठवडे बाहेर काढणं हेच त्याला भोवू शकतं. निर्णय वनखात्याने आणि डॉक्टरांनी घ्यायचा, पण त्यांना ही माहिती आपल्याकडूनच मिळणार. किती प्राणी होते, त्यातल्या किती जणांच्या अंगावर ठिगळं दिसली, सोबत पिल्लं होती का, हे लिहा.

तिसरं: हे लुतीशिवाय दुसरं काही आहे का

डोळ्यांतून नाकातून घट्ट चिकट स्राव, जबडा चावल्यासारखा सारखा हलवणं, अंगाला झटके, गोल गोल फिरणं, माणूस दिसूनही न दिसल्यासारखं वागणं, हे डिस्टेंपरकडे बोट दाखवतं. लाळ, तोल जाणं, समोर येईल त्याला चावत सुटणं असेल तर रेबीज धरूनच चाला. मुंबईत चेंबूर-ट्रॉम्बे बाजूच्या कोल्ह्यांमध्ये २०२४ मध्ये रेबीज सापडलाय, तेव्हा शहरातला कोल्हा आहे म्हणून गाफील राहू नका. बाहेरून हे दोन आजार वेगळे ओळखणं डॉक्टरांनाही कठीण जातं, आपण ओळखायच्या भानगडीत पडायचं नाही, लांब राहायचं आणि कळवायचं. चावलाच किंवा ओरखडा आला, लाळ जखमेला लागली तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन इंजेक्शन सुरू करा, हळद-मिरची भरू नका.

वागणूक बदलायला प्रत्येक वेळी रेबीजच लागतो असंही नाही बरं. केनियातल्या मसाई मारामध्ये तरसांच्या लहान पिल्लांचं रक्त तपासलं तेव्हा टोक्सोप्लाझ्मा नावाच्या परजीवीची लागण झालेली पिल्लं सिंहांच्या जास्त जवळ जाताना दिसली, आणि सिंहांकडून मारलीही जास्त गेली. हा परजीवी आपलं लैंगिक पुनरुत्पादन फक्त मांजरकुळातल्या प्राण्यांच्या आतड्यात करतो. एवढासा जीव तरसाच्या पिल्लाची भीती कमी करतो हे मला आजही थक्क करतं.

कळवायचं कसं

महाराष्ट्र वनविभागाची १९२६ ही हेल्पलाइन आहे, ती मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा. शिवाय आपल्या भागाच्या वनरक्षकाचा आणि रेंज ऑफिसचा नंबर गावात कोणाकडे ना कोणाकडे असतोच तो मागून घ्या, आधी मागून घ्या, वेळ आल्यावर शोधाशोध होते. फोनवर सांगायचं ते एवढं: कुठला प्राणी, नेमकी जागा, किती वाजता दिसला, उठून चालतोय की पडून आहे, अंगावर केस कुठे कुठे नाहीत, आसपास कुत्री किंवा माणसं त्रास देतायत का. दोन्ही बाजूंचा, शेपटीचा आणि चेहऱ्याचा फोटो असेल तर लोकेशनसकट फक्त वनखात्याला पाठवा. इन्स्टावर लोकेशन टाकू नका, दुसऱ्या दिवशी तिथे गाड्या लागतात आणि आजारी प्राणी आहे तेवढ्या ताकदीत पळत राहतो. टीम येईपर्यंत एकच मदत करायची, गर्दी आणि कुत्री लांब ठेवायची. पाणी पाजायला, पोतं टाकून धरायला जाऊ नका. लूत माणसालाही चढते, प्राण्याकडून आलेली बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआप जाते पण तेवढे दिवस खाज जीव नकोसा करते.

चिकनमध्ये गोळी का नाही

लोक आयव्हरमेक्टिन हे जंत आणि कीडे मारणारं औषध टाकतात, कारण ते जनावरांच्या दुकानात सहज मिळतं. अडचणी एक नाहीत. ते औषध कीडा मारतं, अंडी नीट मारत नाही, म्हणून डॉक्टर एक-दोन आठवड्यांच्या अंतराने परत डोस देतात, आणि तोच कोल्हा तोच तुकडा परत खाईल याची खात्री कोण देणार. डोस वजनावर ठरतो, खंगलेल्या प्राण्याचं वजन लांबून कळत नाही आणि जास्त झालं तर मेंदूवर परिणाम होतो. तो तुकडा मुंगूस, कावळा, धनगराचं कुत्रं कोणीही उचलेल, काही जातींच्या कुत्र्यांना तर हे औषध थोडं जास्त झालं तरी विष ठरतं. औषध विष्ठेतून बाहेर पडतं आणि शेण खाणाऱ्या किड्यांना मारतं. आणि दवाखान्यात फक्त कीडाच मारत नाहीत, सलाइन, जखमांवर उपचार, खाणंपिणं, कित्येक आठवडे सांभाळणं, हे सगळं लागतं. वन्यजीव कायदा १९७२ खाली या प्राण्यांना संरक्षण आहे, परवानगीशिवाय पकडणं किंवा घरी ठेवून उपचार करणं गुन्हा आहे, मनात कितीही चांगलं असलं तरी.

रोज खाऊ घालून "ताकद" द्यायचा मार्गही नको. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात कोल्ह्यांसारखेच तांबडे खोकड दाट वस्तीने राहत होते, लोक त्यांना अंगणात खायला घालायचे. १९९४ मध्ये तिथे लूत शिरली आणि दोनेक वर्षांत ९५ टक्क्यांहून जास्त खोकड नाहीसे झाले. दाटी झाली, एकाच जागी येऊ लागले, की लूत पसरायला दुसरं काही लागत नाही. आपल्याकडे पोल्ट्रीचा कचरा जिथे उघड्यावर पडतो तिथे कोल्हे आणि कुत्री एकाच ढिगावर जेवतात, तेही हेच आहे.

विष्ठा बघणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी थोडं

प्रोजेक्ट करत असाल तर वनखात्याची परवानगी आधी काढा, आणि कोरडी विष्ठा हाताने फोडून वास घेण्याचे व्हिडिओ बघून तसं करू नका. त्यात एकायनोकोकस नावाच्या छोट्या पट्टकृमीची अंडी असू शकतात, ती पोटात गेली तर माणसाच्या काळजात किंवा फुप्फुसात पाण्याची गाठ होते आणि ती वर्षानुवर्षं वाढत राहते. ग्लोव्ह आणि मास्क पाहिजेच. नमुन्याचे दोन भाग करा, अंडी बघायला एक फॉर्मलिनमध्ये आणि डीएनएसाठी दुसरा अल्कोहोलमध्ये, फॉर्मलिनमधल्याचा डीएनए नंतर नीट निघत नाही. दाट मिठाच्या पाण्यात ढवळून ठेवलं की हलकी अंडी वर तरंगतात, ती काचपट्टीवर घेऊन बघायची. दोन ठिकाणी सगळे फसतात. एक म्हणजे एकायनोकोकसचं अंडं आणि साध्या टीनिया पट्टकृमीचं अंडं मायक्रोस्कोपखाली सारखंच दिसतं, डीएनए केल्याशिवाय नाव लिहू नका. दुसरं म्हणजे लांडग्याने शेळी खाल्ली तर शेळीच्या पोटातल्या जंतांची अंडीही त्याच्या विष्ठेत येतात, ती लांडग्याची नव्हेत. आणि अंडी जास्त मोजली म्हणजे प्राणी जास्त आजारी असं लिहू नका, पिल्लांमध्ये आकडा फुगतोच, कारण गोलकृमीच्या अळ्या बरेचदा आईच्या पोटातच पिल्लात शिरतात आणि अंकुशकृमी दुधातून. पिल्लं जन्मापासून जंत घेऊन येतात, अंकुशकृमी रक्त पितात, आणि ज्या वर्षी आईला शिकार मिळत नाही त्या वर्षी अशक्तपणाने पिल्लं जातात.

जे खरंच आपल्या हातात आहे: आपली कुत्री

माझं ठाम मत सांगतो, माळावरच्या लांडग्याला आणि खोकडाला औषध द्यायची सगळ्यात चांगली जागा म्हणजे आपल्या दारातलं कुत्रं. लूत, गोचीड, डिस्टेंपर, पार्व्हो (आतड्यांचा विषाणूजन्य आजार), रेबीज, पट्टकृमी, हे सगळं कुत्र्यात आणि त्यांच्यात सामाईक आहे, आणि माळावर कुत्र्यांची संख्या त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त. सोलापूरजवळ नान्नजच्या परिसरात अनिरुद्ध बेलसरे, अबी तमीम वनक आणि सहकाऱ्यांनी गावातली कुत्री आणि खोकड या दोघांचं रक्त तपासलं होतं, डिस्टेंपर आणि पार्व्होशी गाठ पडल्याच्या खुणा कुत्र्यांमध्ये मोठ्या प्रमाणावर मिळाल्या. पुण्याजवळ तर लांडगा आणि कुत्र्याचा संकर झाल्याचंही जनुकीय तपासणीतून सिद्ध झालंय, म्हणजे संपर्क किती जवळचा आहे बघा.

तर करायचं काय. कुत्र्याला लूत दिसली की "उन्हाळ्यात होते, जाईल" म्हणून सोडू नका आणि जळकं ऑइल तर अजिबात लावू नका, त्याने कातडी भाजते आणि ते चाटून कुत्रं आजारी पडतं. आता डॉक्टरांकडे लूत आणि गोचीड दोन्हींवर चालणाऱ्या तोंडातून द्यायच्या गोळ्या मिळतात, वजन सांगून घ्या. पट्टकृमीसाठी प्राझिक्वांटेल वेगळं लागतं, आयव्हरमेक्टिनने तो मरत नाही. शेळ्या-मेंढ्यांमागे फिरणाऱ्या कुत्र्याला ते वर्षातून एकदा देऊन भागत नाही, कारण एकायनोकोकस कुत्र्याच्या पोटात गेल्यावर दीड-दोन महिन्यांत अंडी टाकायला लागतो, किती अंतराने द्यायचं ते पशुवैद्यकाला विचारून कॅलेंडरवर लिहून ठेवा. रेबीज आणि डिस्टेंपर-पार्व्होची लस, आणि नसबंदी, हे एकाच फेरीत जमवता येतं, ग्रामपंचायतीने शिबिराची मागणी केली तर पंचायत समितीच्या पशुसंवर्धन विभागाकडे तसा अर्ज देता येतो.

आणि बोकड कापताना कलेजीत किंवा फुप्फुसात पाण्याने भरलेली पांढरी गोटी दिसली, तर तो तुकडा कुत्र्याला टाकू नका, माळावरही भिरकावू नका. अशा एका गोटीत पट्टकृमीची हजारो डोकी तयार असू शकतात. जाळा, नाहीतर अर्धा तास खळखळून उकळा, नाहीतर कुत्र्याला उकरता येणार नाही एवढं खोल पुरा. मेलेलं जनावर माळावर टाकायची जुनी रीत सरसकट बंद करा असं मी म्हणणार नाही, तरसं आणि लांडगे त्यावर जगतात, पण काळीज-फुप्फुसं काढून पुरायला दहा मिनिटं लागतात. खाटिकाला, जत्रेच्या आचाऱ्याला आणि धनगरवाड्यावरच्या आजोबांना हे आधीच सांगून ठेवा, कारण जत्रेच्या दिवशी एका सकाळी पन्नास बोकड पडतात आणि गावातली सगळी कुत्री तिथेच असतात.